टोमॅटो ओढ्यात, हळद माळ्यावर: आपल्या सांगली-साताऱ्यात माल नेमका कुठं वाया जातो?

कृष्णाकाठचा
१८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

रविवारी गावी गेलो होतो, पलूसजवळ. ओढ्याच्या उतारावर लाल ढीग दिसला. लांबून वाटलं विटांचा चुरा टाकलाय कुणी. जवळ गेलो तर टोमॅटो, चांगली ट्रॉलीभर. वरचे अजून टणक, खालच्यांचं पाणी व्हायला लागलेलं. दोन शेळ्या त्यात उभ्या राहून निवडून खात होत्या. (शेळीपण पिकलेलाच खाते बरं का, कच्चा लागला की तोंडातनं टाकते.)

चुलतभावाला विचारलं, कुणाचे रे? म्हणाला, "आपलेच." म्हणजे माझ्या काकांच्या रानातले.

त्यानं तिथंच उभ्या उभ्या हिशेब सांगितला. कॅरेट वीस-बावीस किलोचं. तोडणावळ, गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून कॅरेटमागं पन्नास-पंचावन्न जातात. आधीच्या तोड्याची पट्टी (अडत्याची विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) आली सत्तरच्या दरानं. राहिले पंधरा. रोपं, मल्चिंगचा कागद, काठ्या, तार, सुतळी, औषधं हे सगळं त्या पंधरात बसवायचं. या तोड्याला बाजार चाळीसवर आला. मी विचारलं, मग तोडलेच कशाला? तर म्हणे, नाही तोडले तर पुढची फळं पोसत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात दर चढला तर?

इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, दर वर्षी पेपरात फोटो येतो. मला खटकलं ते पुढं. जेवायला घरात गेलो तर माळ्यावर हळदीची पोती. गेल्या सालची. दर पटला नाही म्हणून ठेवलेली. माणूस एकच, दोन्ही मालांना दर नाही, एक ओढ्यात गेला आणि एक माळ्यावर. आपण "शेतमाल वाया जातो" असं सरसकट म्हणतो ते बरोबर आहे का? जाणकारांनी लिहा.

नुसता_वाचक
१८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

यात नवीन काय? भारतात ४० टक्के भाजीपाला सडतो. कोल्ड स्टोरेज बांधा, प्रश्न मिटला. पण करणार कोण?

आकडेमोड
१८ फेब्रुवारी, रात्री ११:२५

४० टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो, पण मोजून काढलेले आकडे इतके मोठे नाहीत. लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेचा २०१५ चा अभ्यास आहे. त्यात काढणीपासून बाजारापर्यंतचं नुकसान भाज्यांमध्ये साधारण साडेचार ते साडेबारा टक्के आणि फळांमध्ये पावणेसात ते सोळा टक्के धरलं आहे. फळांत सगळ्यात वर पेरू, भाज्यांत टोमॅटो, १२.४४ टक्के.

पण ते नुकसान सडण्याचं, सांडण्याचं, चेंगरण्याचं. कृष्णाकाठचा यांनी पाहिलेला ढीग त्यात कसा बसवायचा? तो माल सडलेला नव्हता. चांगला होता आणि परवडत नव्हता. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला असता तर चाळीस रुपयांच्या कॅरेटवर भाडं चढलं असतं, बाकी काही नाही.

बागायतदार_तासगाव
१९ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

आकडेमोड, लाख बोललात.

आमच्या द्राक्षाचं सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की माल हातात यायला चार-साडेचार महिने लागतात. युरोपला जायचं तर मणी १८ मिलिमीटरचा पाहिजे, घडाला डाग नको, औषधाचा अंश तपासून पास व्हायला पाहिजे. एवढं सगळं बसलं तरी सगळी बाग कधी निर्यातीला जात नाही. मग राहिलेलं लोकल मार्केटला. व्यापारी बागेत येतो, सौदा करतो, आगाऊ देतो आणि दर पडला की फोन उचलायचा बंद होतो. आमच्याकडं दोनदा झालंय, त्यात जायला नको.

पण द्राक्षवाल्याच्या पाठीशी बेदाणा आहे. दर पडला की आम्ही शेड बघतो. घड तोडायचे, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात बुडवायचे आणि जाळीच्या रॅकवर पसरायचे. आता बहुतेक जण रॅकवरच फवारून घेतात. सालीवरचा मेणाचा थर त्या द्रावणानं फुटतो आणि आतलं पाणी वाट काढतं. नुसतं द्राक्ष वाळत घातलं तर महिना गेला तरी हातात काही येत नाही, तेच डिपिंग केलेलं बारा ते पंधरा दिवसांत तयार. चार किलोला एक किलो, ढोबळ हिशेब. नागज, जत, कवठेमहांकाळकडं हवा कोरडी, वारं भरपूर, म्हणून तिकडं शेडच शेड.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं तेव्हा निर्यातीचा, डोळ्यात भरेल असा माल लोकांनी बेदाण्याला टाकला. १८ मिलिमीटरचा मणी आम्ही रॅकवर पसरत होतो. रडू येत होतं खरं, पण ओढ्यात टाकावा लागला नाही.

भीती फक्त पावसाची. माल रॅकवर असताना अवकाळी आला की बेदाणा काळा पडतो आणि सौद्यात काळ्याकडं कोण बघत नाही. २०१९ ला तर बेदाण्यापर्यंत पोचायची वेळच आली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात घड फुलोऱ्यातच कुजले.

हरिपूरचा_नातू
१९ फेब्रुवारी, दुपारी १:३०

हळदीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. आजोबांची सांगलीजवळ हरिपूरला पेवं होती.

नवीन लोकांसाठी: पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि खाली रांजणासारखं पोट. पंधरा-वीस फूट खोल. आमच्या एकात दोनशेच्या आसपास पोत्यांची हळद मावायची. तळाला आणि भिंतींना पाचट, गवत लावून आत हळकुंड भरायचं, वर फरशी आणि त्यावर माती लिंपायची. हरिपूरची मातीच तशी, पाणी झिरपू देत नाही. आत हवा उरत नाही, त्यामुळं कीडही जगत नाही. तीन-चार वर्षं राहिली तरी हळदीचा रंग जात नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं. हळद पिकते तर सगळीकडं, पण ती अशी ठेवायची रीत दुसरीकडं कुठं मी बघितली नाही.

लहानपणीचं डोळ्यासमोर आहे ते पेव उघडणं. आदल्या दिवशी फरशी काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी आजोबा दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, आणखी थांबायचं. जळत राहिला की मग एक गडी कमरेला दोर बांधून उतरायचा. आम्ही पोरं तोंडाशी वाकून बघायला गेलो की पाठीत धपाटा. त्या वासानं आजही मला कसंतरीच होतं, एकाच वेळी बरं आणि घाबरल्यासारखं.

२००५ च्या महापुरात कृष्णा-वारणेचं पाणी पेवांत शिरलं. भिजलेली हळद नंतर बाहेर काढली ती मी बघितलीय, नुसता पिवळा चिखल. आमची पेवं तिथंच संपली. २०१९ ला पुन्हा पाणी. ज्यांची थोडी उरली होती त्यांचीही हौस फिटली. आता गोदामं आणि कोल्ड स्टोरेज. आजोबा पेवाचं भाडं घ्यायचे, आता आम्ही कोल्ड स्टोरेजला भाडं देतो.

कोरेगावकर
१९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

आमच्या आल्याला तर पेवसुद्धा लागत नाही. दर नसला तर रानातच ठेवायचं. मे महिन्यात लावलेलं आलं जानेवारी-फेब्रुवारीत काढायला येतं. नाही पटला दर, पाणी देत राहायचं, पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा फुटतं आणि वजन वाढतं. आम्ही खोडवा ठेवला म्हणतो. फुकटचं कोठार.

फुकट म्हणालो खरं, पण कंदकूज लागली तर आख्खा प्लॉट पंधरा दिवसांत बसतो. रान अडकून पडतं ते वेगळंच. आणि खोडव्याचं काढलं की व्यापारी नवं-जुनं वेगळं करणार आणि नव्याला दर पाडून मागणार. त्यावरून आमच्या भागात भांडणं कायमची.

वरच्या सगळ्यांना एक विचारतो. थांबायला कुणाला जमतं? ज्याच्या घरात पगार येतो, दुसरं पीक हातात आहे, सोसायटीचं जुनं कर्ज भरून नवं घेऊन झालंय, तो थांबतो. शेजारच्या वावरातल्या माणसाला मुलीचं लग्न काढायचं होतं. त्यानं आलं पडत्या दरात काढलं आणि दोन महिन्यांनी दर वाढल्यावर माझ्या बांधावर येऊन नुसता उभा राहिला. काय बोलणार.

कृष्णाकाठचा
१९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कोरेगावकर, हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. काकांची हळद माळ्यावर राहू शकली कारण चुलतभाऊ एमआयडीसीत आहे.

नुसता_वाचक
१९ फेब्रुवारी, रात्री १०:०२

मान्य. पण शेतकऱ्यांचंही चुकतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला की लगेच सगळ्यांनी टोमॅटोच लावला. महिन्या-दीड महिन्यात दर आपटले. मेंढरासारखं एकामागं एक.

अडत्याचा_पोरगा
१९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

मेंढरं म्हणू नका. मार्केटला आमचा गाळा आहे, रोज पहाटे तीनला असतो. दर वाढलेला दिसल्यावर लावायचं नाही तर काय पडलेला दिसल्यावर लावायचं? तुम्ही शेअर काय पडताना घेता का?

अडत्यांना शिव्या पडणारच, त्याआधी थोडं बोलून घेतो. २०१६ ला राज्यानं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातनं मोकळा, आणि अडत (आमचं कमिशन) शेतकऱ्याकडनं न कापता खरेदीदाराकडनं घ्यायची ठरलं. सगळीकडं तसं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तुमचा टोमॅटो मी माझ्या गाळ्यावर ठेवून घेऊ शकत नाही. सकाळी सहाला आलेला माल दहापर्यंत गेला नाही तर दुपारच्या उन्हात त्याला पाणी सुटतं. मेथीची पेंडी तर नऊ वाजताच मान टाकते. पंधराची पेंडी साडेनऊला पाचला मागतात आणि मी देतो, कारण अकराला ती कुणी फुकट पण नेत नाही. तुमच्या पट्टीवर तो पाच रुपये छापून येतो आणि तुम्हाला वाटतं मी लुटलं.

एक मात्र खरं, गाळ्यामागं जे रोज टाकलं जातं त्यात अर्धं खाण्यासारखं असतं. कोबीची पानं, फ्लॉवरचे दांडे, डाग पडलेली वांगी. गवळी येतात, म्हशींना नेतात. म्हणजे तेही दुधातून तुमच्याच घरी येतं म्हणा.

भिलारची_लेक
२० फेब्रुवारी, सकाळी ११:४०

स्ट्रॉबेरीचं कुणीच लिहिलं नाही? सासर सातारा, माहेर भिलार.

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही हे पर्यटकांना सांगून आम्ही दमलो. रंग थोडा चढतो, गोडी नाही. त्यामुळे लवकर तोडून ठेवता येत नाही आणि उशिरा तोडली तर मुंबईपर्यंत टिकत नाही. तोडणी उजाडायच्या आत, कारण ऊन लागलेलं फळ डब्यात बसेपर्यंतच मऊ पडतं. आई बोटांनी देठ खुडते, फळाला हात लावत नाही. मी लावायचे, म्हणून मला कायम वेचलेली फळं निवडायला बसवायची.

डिसेंबरातल्या पहिल्या डब्यांना दर असतो, मार्चमध्ये प्रत्येकाच्या गादीवाफ्यावर लाल पसरलेलं असतं. शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्या थांबतात, सोमवारचा माल बघायला कुणी नसतं. बारकी आणि मऊ फळं पल्पला जातात, जॅम-क्रश करणाऱ्यांकडे. पल्पचा दर ऐकून आई एकच म्हणते, "निदान मातीत नाही गेली."

म्हणजे आमच्याकडेही बेदाण्यासारखी मागची वाट आहे. टोमॅटोला ती वाट आपल्या दोन जिल्ह्यांत गावाजवळ फारशी दिसत नाही. मला वाटतं सगळा फरक इथेच आहे.

आजीचा_डबा
२० फेब्रुवारी, दुपारी ४:१०

थोडं अवांतर. पूर्वी ही मागची वाट घरातच होती. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवायचा, आषाढात त्याची भाजी. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, कोहळ्याचे सांडगे, कैरीची आंबोशी करून डबा. माझ्या सासूबाईंनी मेथीसुद्धा वाळवून ठेवलेली मी पाहिली आहे. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत तर रानात त्या वेळी जे जास्त असेल ते सगळं पडायचं: वांगी, घेवडा, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं. आता भोगीच्या भाजीचं तयार पाकीट मिळतं, त्यात बोराची एक फोड असते.

उगाच जुन्याचं कौतुक नको. हे सगळं बायकांच्या कंबरेवर चालायचं. दुपारी दोनच्या उन्हात गच्चीवर साड्या पसरून बसणं मला परत नकोय. आणि माझ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आत्ता एक काकडी अशी आहे की तिला हात लावायची हिंमत होत नाही, तेव्हा शेतकऱ्याला काय बोलू.

कृष्णाकाठचा
२० फेब्रुवारी, रात्री ९:१५

मग बागायतदार दादा, एक बाळबोध प्रश्न. बेदाण्याच्या शेडमध्ये टोमॅटो का नाही वाळवायचा? जाळी आहे, वारं आहे, माणसं आहेत.

बागायतदार_तासगाव
२१ फेब्रुवारी, सकाळी ५:५०

प्रश्न बाळबोध नाही, आमच्या मेव्हण्यानं करून बघितलंय. अडचण अशी की टोमॅटो पडतो फेब्रुवारी-मार्चला आणि तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. शेड मोकळं होतं मे संपता संपता, तोवर वळवाचे ढग. शिवाय द्राक्षात साखर असते, ती वाळून दाणा भरीव राहतो. टोमॅटोत पाणीच. चिरायला माणसं लावायची, मीठ लावायचं, उलटायचं, आणि हातात येतं काय? ते घेणार कोण? बेदाण्याला सौदा आहे, वाळल्या टोमॅटोला सांगली-तासगावात बोली लावणारा एक माणूस दाखवा. मेव्हण्याची दोन पोती अजून आमच्या शेडच्या कोपऱ्यात आहेत.

आकडेमोड
२१ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. वीस किलोच्या कॅरेटमधून सव्वा किलोच्या आत-बाहेर. मजुरी धरली तर चाळीसच्या कॅरेटलाही जड जातं.

कृष्णाकाठचा
४ मार्च, रात्री १०:३०

धागा वर काढतोय, कारण कळवायचं राहिलं होतं.

एक कॅरेट मी घरी आणलं होतं. विश्रामबागला गच्चीवर चिरून, मीठ लावून, आईच्या जुन्या नऊवारीवर पसरलं. (आजीचा_डबा ताई, दुपारी दोनला मीच बसलो होतो.) दुसऱ्या दिवशी फोडी कापडाला चिकटल्या, कबुतरांनी त्यांचा वाटा घेतला, पाचव्या दिवशी एक किलो शंभर ग्रॅम भरले. आकडेमोड यांचा हिशेब कबुतरं वगळून बरोबर. आई आमटीत आमसुलाऐवजी टाकते. चव बरी आहे, पण वडील ताटात बाजूला काढून ठेवतात.

खरी बातमी दुसरीच. काकांनी टोमॅटोवर रोटर फिरवला. काठ्या, तार गुंडाळून गोठ्यात ठेवली आणि ऊस लावायला घेतला. 'सुरू' हंगामाच्या लागणीला उशीरच झालाय, पण मागं हटेनात. म्हटलं, काका, तुटलेला ऊस तरी कुठं थांबतो? दुसऱ्या दिवसापासून वजन आणि साखर दोन्ही घटतात. तर म्हणाले, "थांबत नाही, पण त्याला न्यायला गाडी येते. आणि दर काय मिळणार हे मला आधी माहीत असतं. टोमॅटोची पट्टी बघायला मी देव पाण्यात घालून बसतो."

यावर मला काही सुचलं नाही. थांबणारा माल आणि न थांबणारा माल असं मी इतके दिवस मोजत होतो, काकांनी गाडी मोजली.

कोरेगावकर
५ मार्च, सकाळी ७:१०

सगळेच उसात गेले की आमच्या ताटात भाजी कुठनं येणार ते पण काकांना विचारा.

बागायतदार_तासगाव
५ मार्च, सकाळी ७:४५

पहिले दोन-तीन महिने उसाची सरी मोकळीच असते. आंतरपीक घ्या म्हणावं. उन्हाळ्यात कोथिंबिरीला दर असतो, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हातात येते.

कृष्णाकाठचा
५ मार्च, रात्री ९:०५

काकांनी तुमच्या आधीच धने आणून ठेवलेत. सरीत कोथिंबीर. मेथीच्या पेंडीपेक्षाही आधी मान टाकणारं पीक. अडत्याचा_पोरगा, एप्रिलच्या शेवटाला पहाटे गाळ्यावर येतोय, चहा तुमच्याकडं.

अडत्याचा_पोरगा
५ मार्च, रात्री ११:५०

या. पण सहाच्या आत या.